कोपरा फाडलेलं प्रूफ

आधी चाचींचं सांगतो, मग पुढचं. नगरच्या ज्या छापखान्यात मी कामाला होतो, त्याच्या मागच्या अंगाला बांधणीची खोली होती. तिथं बसून छापील कागदांच्या घड्या घालणाऱ्या, पुस्तकं शिवणाऱ्या त्या चाची. त्यांनी मला जेवू घातलं. हिवताप आला तेव्हा आपली वाकळ माझ्या अंगावर टाकली आणि स्वतः पोत्यावर निजल्या. माझी पहिली कविता छापून आली तीसुद्धा त्यांच्या एका शब्दामुळं. हे सगळं आधीच लिहून ठेवतो, कारण पुढं जे सांगणार आहे ते वाचून कुणाचं मन त्यांच्याविषयी जराही वाकडं होऊ नये. माझं झालेलं नाही.

मी मालवणच्या बाजूचा. खाडीकाठच्या वाडीत आमचं घर. वडील मी लहान असतानाच गेले, मराठी चौथीनंतर शाळा सुटली. आईला मी एकटा. पुढं लढाई सुरू झाली, नगरच्या छावणीत माणसं घेतात असं कळलं, आणि गावातल्या एकाच्या ओळखीवर मी निघालो. त्या वेळी विशी गाठली होती, पण गाडीत रडलो ते लहान पोरासारखा. नगरला पोचलो तर ज्याच्या भरवशावर आलो त्याचीच बदली झालेली. छावणीच्या दारातून मला परतवून लावलं. वाचता येतं का, असं एका छापखान्याच्या मालकांनी विचारलं. मी म्हटलं, येतं. "उलटं?" मला कळलं नाही. त्यांनी शिशाचे खिळे जुळवून बांधलेली एक ओळ माझ्यापुढं धरली. अक्षरं आरशात दिसावीत तशी. मी अडखळत वाचली, आणि राहिलो.

काळजी करणं हा माझा स्वभावच आहे. आई तिकडं एकटी, हे माझ्या मनातून घटकाभरही जायचं नाही. महिन्याला एक कार्ड मी घरी टाकायचो, ते आमचे शाळामास्तर तिला वाचून दाखवायचे आणि तिचं उत्तर लिहून पाठवायचे. उत्तराचं कार्ड हातात आलं की मी मजकूर नंतर बघायचो, आधी चारी कोपरे बघायचो. कुणी गेल्याची बातमी असली की आपल्याकडं कार्डाचा कोपरा फाडून धाडतात. तसलं कार्ड घरात नेत नाहीत, उंबऱ्याबाहेर वाचून तिथंच फाडून टाकतात. कोपरे शाबूत दिसले की माझा जीव खाली पडायचा. मग वाचायचो. मास्तरांच्या अक्षरात आई म्हणायची, "मी बरी आहे. तू कधी येशील?" मी लिहायचो, काहीतरी होऊन येतो. रिकाम्या हातानं आलो तर लोक काय म्हणतील?

आणि नेमकं त्या छापखान्यात कोपरे फाडायची रीत होती. जुळवलेल्या मजकुरावर शाई फिरवून एक कच्चा कागद काढतात, त्याला प्रूफ म्हणायचं. त्यात चुका निघतात, त्या दुरुस्त होतात, मग दुसरं प्रूफ, तिसरं. शेवटी सगळं बरोबर आहे असं मालकांना पटलं की ते प्रूफचा वरचा उजवा कोपरा चिमटीत धरून फाडायचे. म्हणजे हे पास, आता छापा. जुन्या प्रूफांत ते मिसळू नये म्हणून ही खूण. पहिले काही दिवस तसला कागद दिसला की माझ्या छातीत धस्स व्हायचं. हसतील म्हणून मी कुणाला बोललो नाही. पुढं सवय झाली.

रद्दी, कातरण, काम झालेली प्रूफं, हे सगळं चाचींच्या वाटणीचं. बांधणाऱ्याचा तो हक्कच. त्यांचे मालक, म्हणजे चाचा, आधी तिथं बांधणी करायचे. ते वारल्यावर सुई-दोरा चाचींनी हातात घेतला. त्यांना एक अक्षर वाचता येत नसे. पण फर्मा, म्हणजे एकाच मोठ्या कागदावर छापलेली आठ-सोळा पानं, त्याच्या घड्या घालताना कुठलं पान कुठं येतं ते त्यांच्या बोटांना ठाऊक असायचं. दुपारी जेवायला मी त्यांच्या खोलीत जाऊन बसायचो. भाकरी त्यांची, कालवण त्यांचं. मी फक्त तोंड घेऊन जायचो.

"काय रे कोकन्या," त्या म्हणायच्या, "मासं न्हाईत म्हनून जेवत न्हाईस का?"

"जेवतोय की, चाची."

"हे जेवन हाय का? माझी कोंबडी तुझ्यापेक्षा जास्त खाते. बरं, वाच. आज कुनाचं रडनं आलंय?"

रडणं म्हणजे कविता. ते वर्ष कवितेचंच होतं. एरवी आमच्याकडं विड्यांच्या पुड्यांची लेबलं, लग्नपत्रिका, साखर कारखान्याचे फॉर्म असलीच कामं. कागद कंट्रोलात, परवान्याशिवाय मिळत नसे. तशातही मालकांना कवितेचं वेड. त्या वर्षात त्यांनी एकापाठोपाठ एक कवितांची पुस्तकं काढली, जो मिळेल त्या कागदावर. एक पुस्तक तर विडीच्या लेबलांच्या गुलाबी कागदावर निघालं. कवी रुसले, मग म्हणाले की शोभून दिसतं.

कवी शनिवारी संध्याकाळी छापखान्यात जमायचे. एक नगरचेच वकील होते, त्यांची कविता लांबच्या लांब, संपता संपायची नाही. दुसरे बेलापूरचे, पेन्शनीत निघालेले कारकून. त्यांची देवभक्तीची पदं, ती ते गाऊनच दाखवायचे आणि कडव्याकडव्याला खोकायचे. तिसरा काष्टीचा, तरुण, बैलबाजारात बापाबरोबर दलाली करणारा. तो यमक जुळवायचा नाही. त्यावरून भांडणं.

"यमक नाही तर ती कविता कसली?" वकीलसाहेब म्हणायचे. "बैल आणि जू नसलेली गाडी ती."

"वकीलसाहेब," काष्टीकर म्हणायचा, "बैलातलं तुमी मला नका सांगू. जू घातलेला बैल गात न्हाई."

कारकूनबुवा मध्ये खोकायचे, "अहो, निदान चाल तरी असू द्या."

मी केसमधून, म्हणजे खणाखणांच्या लाकडी पेटीतून, खिळे वेचता वेचता ऐकायचो. दिवसा तीच कविता माझ्या हातून उलट्या अक्षरांत जुळायची. एकेक अक्षर बोटांनी उचलून बसवलं की ओळ कशी उभी राहते ते कळतं. कुठं कवीनं पाट्या टाकल्यात, कुठं त्याचं आतडं तुटलंय, हे मला चौथी शिकलेल्या माणसाला कळायला लागलं होतं. मग मीही विड्यांच्या लेबलांच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागलो. जेवताना चाचींना वाचून दाखवायचो. दुसरं कुणी ऐकणारं नव्हतं. त्यांचं मत एका वाक्यात असायचं. "हे खोटं वाटतंय." किंवा, "हे लई बरं हाय. आईचं हाय न्हवं?"

आईचंच असायचं.

त्या पावसाळ्यात कवींच्या मनात आलं की वर्षभरात जिल्ह्यात जे नवं लिहिलं गेलं त्यातलं निवडक एका पुस्तकात काढावं, आणि मग दर दिवाळीला असं एक. मालकांनी कुठून कुठून कागद मिळवला. कविता मागवल्या, निवडल्या, भांडणं झाली, पुन्हा निवडल्या. एक एक फर्मा छापून होत आला. शेवटचा फर्मा जुळवला तेव्हा दिसलं की एक पान कोरं राहतंय. सगळ्यात शेवटचं.

मालक म्हणाले, "परवान्याचा कागद हा. कोरा कसा सोडू? विडीची जाहिरात घालतो."

तिन्ही कवी एकदम उठले. कवितेच्या पुस्तकात विडी? मग वकीलसाहेब हळूच म्हणाले की त्यांच्याकडं एक छोटी कविता आहे, नेमकी पानभर. काष्टीकर हसला. "वकीलसाहेब, छोटी आनि तुमची?" कारकूनबुवांना मिळालेल्या आठ पानांवर इतके दिवस कुणी बोललं नव्हतं, तेही तेव्हा निघालं. कुणाला किती पानं मिळाली याचे हिशेब सुरू झाले. ज्याला ते पान मिळेल त्याच्यावर बाकीचे दोघे वर्षभर रुसणार हे मालकांना दिसत होतं. ते कपाळाला हात लावून बसले.

चाची मागच्या दारात सुई घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "मालक, कुनालाच नका देऊ. याला द्या."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी हातातली ओळ सांडतोच की काय असं झालं.

"हा लिहितो?" वकील म्हणाले.

"मला रोज ऐकवतो," चाची म्हणाल्या. "तुमच्यापरीस लवकर सपतं."

काष्टीकर एवढा हसला की त्याला ठसका लागला. मला वाचायला लावलं. मी आईवरच्या आठ ओळी वाचल्या. लाकडाची मोळी डोक्यावर घेऊन ती टेकडी उतरते आणि खाली पोचायच्या आधीच मला हाका मारायला लागते, एवढंच त्यात होतं. कुणी वाहवा केली नाही, कुणी नावंही ठेवली नाहीत. वकील म्हणाले, "असू द्या. पान भरतंय." माझ्या कवितेवर आलेला तो पहिला अभिप्राय. मला तेवढाही पुष्कळ झाला.

माझी कविता मीच जुळवली. खाली थोडी जागा उरली तिथं फुलाचा एक छोटा ठसा बसवला. प्रूफ निघालं, मालकांनी बघितलं, चूक नव्हती. त्यांनी कोपरा फाडला. त्या दिवशी मला तो आवाज पेढ्यासारखा गोड वाटला.

पुस्तक बांधून दिवाळीला निघणार होतं. मी घरी काहीच कळवलं नाही. मनात धरलं होतं की दिवाळीला पुस्तक घेऊनच जायचं. आईला वाचता येत नाही, पण मास्तरांना बोलवायचं, वाडीतली माणसं ओटीवर बसवायची आणि शेवटचं पान उघडायचं. काहीतरी होऊन येतो असं मी लिहीत होतो, ते हे. बाकी मला काही नको होतं.

दिवाळीला थोडे दिवस राहिले असताना मास्तरांचं कार्ड आलं. कोपरे शाबूत होते. मी सवयीनं निश्चिंत झालो आणि मग वाचलं. मास्तरांनी लिहिलं होतं:

"तुझे पत्र पोचले. तू सुखरूप आहेस हे वाचून आम्हा सर्वांस केवढे हायसे वाटले हे लिहिता येत नाही. तुझे पत्र येण्याच्या पंधरवडाभर आधी, मी सुटीवर परगावी असताना, नगरच्या शिक्क्याचा एक छापील कागद कोपरा फाडून तुझ्या घरी आला होता. वाचणारे कोणी नव्हते. वाडीतल्या एका घरी लढाईवरून मुलगा गेल्याचा असाच छापील कागद आला होता, त्यावरून सर्वांनी तू गेलास असेच धरले. कागद उंबऱ्याबाहेर फाडून खाडीत सोडला. तुझ्या आईने अंगावरच्या तापात थंड पाण्याने स्नान केले आणि अन्न टाकले. आता तुझे पत्र वाचून दाखवतो तर तिचा विश्वास बसत नाही. मी तिचे मन राखण्यासाठी खोटे वाचतो असे म्हणते. तू स्वतः ये. उशीर करू नको."

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. छापील कागद? नगरहून? मी तर काही पाठवलं नव्हतं. मालकांना एवढंच सांगितलं की आई फार आजारी आहे. त्यांनी जा म्हटलं, खर्चाला दिलं. खोलीवर येऊन पिशवी भरली. टांगा बोलावला तो चाचींनी. फडक्यात भाकऱ्या बांधून त्या दारात उभ्या होत्या.

"घाबरू नको," त्या म्हणाल्या. "आई बरी व्हनार बघ. तुला सांगनार न्हवते, पन सांगते आता. मी तिला तुझं गानं धाडलंय."

मी टांग्यात चढायचा थांबलो.

"पुस्तक कवा व्हायचं, कवा तू न्यायचा. म्हातारं मानूस, वाट बघतंय. म्हनून तुझ्या पानाचा कागद काढला आनि धाडला. फुलावरनं वळखला मी. छापलेला चांगला कागद कसा घेऊ? त्यो मोजलेला असतो. ह्यो माझ्या रद्दीतला, माझ्या हक्काचा. पन पास झालेला हां. कोपरा फाडलेला बघून घेतला मी. चुकीचा धाडला न्हाई." त्या लाजल्यासारखं हसल्या. "पत्ता आपल्या हिशेबनीस बाबूंनी वहीत बघून लिवला. पोचला का तेवढं विचार, बाबा."

चाचींना आयुष्यात कधी पत्र आलं नव्हतं. माहेर नगरातच झेंडीगेटाजवळ, सासर त्याच्या पलीकडं. त्यांच्याकडं कुणी वारलं की माणूस पळत येऊन सांगायचा. कोपरा फाटलेला कागद आमच्या घरी काय सांगतो हे त्यांना कोण सांगणार? मी एकदा जरी बोललो असतो. त्यांच्या लेखी तो अख्ख्या छापखान्यातला सगळ्यात चांगला कागद होता. बरोबर ठरलेला.

मास्तरांचं कार्ड माझ्या खिशात होतं. मी म्हटलं, "विचारतो, चाची."

टांगा हलला तरी त्या हात वर करून उभ्या होत्या.

दौंडला गाडी बदलली, पुण्याला बदलली, कोल्हापूरला उतरून मोटर धरली. त्या काळात मोटरी पेट्रोलवर नव्हत्या, मागं कोळशाची टाकी पेटवून त्या गॅसवर चालायच्या. घाटाच्या चढाला मोटर थांबली. उतारूंनी उतरून ढकलली. क्लीनर टाकीत कोळसा ढोसत होता, आणि मी त्याला ओरडून सांगत होतो की लवकर कर, माझी आई मला मेलेला समजते. तो म्हणाला, "काय?" मी पुन्हा सांगितलं नाही. चाचींच्या भाकऱ्या तशाच फडक्यात होत्या. त्यांच्यावर राग येतो का हे मी मनात चाचपून बघत होतो. येत नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं, कुठंतरी टेकायला जागा मिळाली असती.

घरी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. वाडीतली माणसं मला बघून वाटेतच थबकली. शेजारची काकी धावत आली, माझ्या दंडाला धरून चाचपलं आणि रडायला लागली. म्हणाली, "तुझी आवस कोणाचाच ऐकत नाय रे. तूच सांग आता."

आई पडवीत अंथरुणावर निजली होती. एवढीशी झाली होती. मी जवळ बसलो. तिनं डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं आणि हसली. मला वाटलं, झालं, सुटलो.

"इलंस रे?" ती म्हणाली. "माका म्हायत हुतां तू येतलंस. माका न्हेऊक इलंस?"

तिला वाटत होतं, गेलेला मुलगा तिला न्यायला आलाय.

मी तिचा हात माझ्या गालावर ठेवला. म्हटलं, आये, मी जिवंत आहे, बघ, हात लावून बघ. तिनं गाल चाचपला. "गरम असा," म्हणाली, समाधानानं, जणू तिकडं मला थंडी वाजत नाही हे कळून बरं वाटलं.

काकी पुढं आली. "अगो, पाय बघ त्याचे. सरळ असत. भुताचे पाय उलटे असतत मां?"

आईनं मान किंचित उचलून माझे पाय बघितले. "सरळच असतले," ती म्हणाली. "माझो झील कोणाच्या वायटात नाय हुतो. त्याचे पाय कित्याक उलटे होतले?"

काकीला हसू आलं आणि त्याच हसण्यात तिला रडू फुटलं. मी तर दोन्ही विसरलो होतो.

मग जेवून दाखव म्हणाले. भुतं जेवत नाहीत. काकीनं पेज आणली, मी आईसमोर बसून खाल्ली. भांडं रिकामं करून तिला दाखवलं. आई कौतुकानं बघत होती. "जेव, बाबा," म्हणाली. "भुकेलो असतलंस. थंय तुका जेवक कोण घालता?"

थंय. तिच्या मनातलं तिकडं वेगळं होतं. पण मला उत्तर एकच येत होतं. मी म्हटलं, "एक चाची असा. ती घालता."

आईनं डोळे मिटले. "तिचा बरा होवंदे," ती म्हणाली.

मास्तर यायचे, मला शेजारी बसवून तिला समजवायचे. "अहो, हा बघा, हा तुमचा मुलगा, जिवंत आहे, नगरला कामाला आहे." ती मास्तरांकडं माझ्यापेक्षा जास्त कीव करून बघायची. "मास्तर, तुमी माका बरा वाटूचा म्हणान सांगतास," म्हणायची. इतका भला माणूस तिच्यासाठी खोटं बोलतोय याचंच तिला वाईट वाटायचं. अन्न तिनं घेतलं नाही. पाणी माझ्या हातून घ्यायची. ताप उतरत नव्हता. कुडाळहून डॉक्टर आणला, त्यानं बाटली दिली, बाहेर येऊन मान हलवली.

एका दुपारी ती जरा हुशार दिसली तेव्हा मी तिला माझी कविता म्हणून दाखवली. पुस्तक नव्हतं, कागद खाडीत गेलेला, पण ओळी माझ्याच होत्या. मोळी, टेकडी, हाका. तिनं सगळं ऐकलं. शेवटी नवलानं विचारलं, "थंय पण गाणी असतत?"

मी म्हटलं, "असतत, आये."

तेवढ्यानं तिचा जीव निवला. नंतर तिनं जे दोन दिवस काढले त्यांत एकदाही ती घाबरली नाही. माझा हात धरून गेली. वाडीत सगळे म्हणाले, भाग्याची, मुलगा वेळेवर पोचला. मास्तर मात्र त्यांत नव्हते. मी वेळेवर पोचलो आणि पोचलोच नाही. हे पुढं मी कुणालाच नीट सांगू शकलो नाही.

नगरला परतलो तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. संग्रह निघाला होता. वाचनालयात त्याचा छोटा समारंभ झाला, कारकूनबुवांनी पद म्हटलं, वकीलसाहेबांचं भाषण लांबलं, असं काष्टीकरानं मला सांगितलं. तो खास मला भेटायला आला होता. एका साप्ताहिकात पुस्तकावर चार ओळी छापून आल्या होत्या. त्यात शेवटच्या पानावरची कविता कच्ची आहे, केवळ जागा भरण्यासाठी घातलेली दिसते, असं म्हटलं होतं. काष्टीकर चिडला होता. मी म्हटलं, बरोबर लिहिलंय. पुढच्या वर्षी कागदच मिळाला नाही, आणि दर दिवाळीचा तो संग्रह त्या एका वर्षावरच थांबला. शनिवारचे कवीही हळूहळू पांगले.

चाचींकडं जायला मी घाबरत होतो. गेलो. माझं डोकं भादरलेलं बघून त्यांनी सुई खाली ठेवली. पदर तोंडाला लावून रडल्या, आपलं कुणी गेल्यासारख्या. मग डोळे पुसून चाचरत म्हणाल्या, "बाबा, विचारू का? कागद पोचला व्हता?"

"पोचला होता, चाची."

"गानं ऐकलं तिनं?"

"ऐकलं. मी म्हणून दाखवलं."

"मग? काय म्हनली?"

मी म्हटलं, "विचारत होती, तिथं पण गाणी असतात का?"

चाचींचा चेहरा उजळला. डोळ्यांत पाणी होतं तरी हसल्या. "हितं, नगरात? मग! हितं न्हाईतर कुठं असनार गानी! बरं झालं बाबा, ऐकून गेली बिचारी." त्यांनी आभाळाकडं बघून हात जोडल्यासारखे केले, आणि मग भाकरीचं फडकं माझ्यापुढं सरकवलं. मी जेवलो. त्या दिवशी त्यांनी मला कोंबडीवरून काही म्हटलं नाही.

मी त्यांना सांगितलं नाही, सांगणारही नाही. त्यांना वाचता येत नाही, आणि हे कुणी त्यांना वाचून दाखवू नये अशी वाचणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. कधी कधी वाटतं, मी त्यांच्यापासून लपवतो म्हणजे त्यांचाच काहीतरी अपराध धरून बसलोय की काय. मग रात्रभर स्वतःशी भांडतो. पण अपराध कुठं आहे तो सापडत नाही. एका बाईनं दुसऱ्या बाईला तिच्या मुलाची कविता धाडली, आपल्या हक्काच्या कागदातली, नीट पारखून. याहून चांगलं काही माझ्यासाठी आजवर कुणी केलेलं नाही.

लढाई संपली, देशही मोकळा झाला. मी अजून त्याच छापखान्यात आहे. चाचींची नजर आता सुईच्या नेढ्यावर ठरत नाही, दोरा मी ओवून देतो. त्यांना मूलबाळ नाही. कधीमधी म्हणतात, मी पडले तर कोन बघनार रे? मी हसण्यावारी नेतो. इथं मात्र लिहून देतो. चाची, तुम्ही जेव्हा अंथरुणाला लागाल तेव्हा मी उशाशी असेन. पाणी माझ्या हातून घ्यायचं, घासही माझ्या हातून घ्यायचा. आणि तुम्ही डोळे उघडाल तेव्हा समोर बसलेला मी जिवंत आहे, खरा आहे, तुमचाच कोकण्या आहे, हे तुम्हाला पुरतं कळेल इतक्या वेळेत मी येऊन बसलेला असेन. तुमचं देणं मी असं फेडीन. एक दिवस नक्की फेडीन.